मोरीला पोर हवंय

शीव कोळीवाड्याहून परळकडे जाणारा नवा रस्ता दौलत मुकादमाच्या हाताखाली होत होता, आणि रस्ता म्हणजे त्याचा जीव की प्राण. खाली मोठे धोंडे, वर खडी, त्यावर मुरूम, मग पाणी मारून दगडी रूळ फिरवायचा. मधे उंचवटा, दोन्ही अंगांना गटार. पाणी साचलं की रस्ता मेला, असं तो येताजाता बजावायचा. बाकी सगळं जमलं, पण खाजणाचं पाणी पलीकडे जायला बांधलेली मोरी टिकेना. चुना ओला असतानाच कोळणी पाट्या घेऊन वरून जात, मागोमाग कुणाचे तरी बैल. दोनदा कमान खचली. कामावरच्या गोऱ्या साहेबानं चारचौघांत त्याला डुक्कर म्हटलं.

दौलतनं हात जोडले, शिव्या घातल्या, काटे पसरले. ऐकतंय कोण! शेवटी त्यानं म्हाताऱ्या जाईबाईला गाठलं. जाईबाई म्हणजे कोळीवाड्याची दवंडी. तिच्या कानात सांगितलेलं संध्याकाळपर्यंत होड्यांवर पोचलंच म्हणून समजा.

"मावशी, कुणाला सांगू नको," तो म्हणाला. "मोरी पोर मागतेय. साहेबानं जितं पोर आणून पुरायला सांगितलंय. आपापली सांभाळा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मोरीकडे चिटपाखरू फिरकेना. बाया गुडघाभर चिखल तुडवत लांबून जाऊ लागल्या. दौलत पोट धरधरून हसला. केवढी अक्कल लढवली मेल्यानं!

चुना अजून सुकत होता, तेवढ्यात गावाहून मेव्हणा आला आणि दौलतच्या लहानग्या मुलीला, ठकीला, त्याच्या झोपडीत सोडून गेला. तिची आई वारली होती. बापाला तिनं आजवर एकदोनदाच पाहिलेलं. ती कोपऱ्यात अंग चोरून बसे. आठवडाही उलटला नाही तोच तिचा गळा सुजला. घटसर्प! आवाज गेला, श्वास घेताना घशात शिट्टी वाजू लागली. परळचा डाक्तर गळ्यात नळी घालून पोरं वाचवतो, असं दौलतनं ऐकलं होतं.

भर दुपारी त्यानं पोरीला घोंगडीत गुंडाळलं आणि धूम ठोकली, थेट मोरीवरून. चुना फुटो नाहीतर राहो.

बाजारातून रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणींनी खाजणातून पाहिलं: मुकादम, त्याच्या काखेत पोर, आणि पाय मोरीवर.

"अगं बाय! पोर आणलं मेल्यानं!" मंजुळा ओरडली. ती सगळ्यांत धिप्पाड. तिची स्वतःची दोन पोरं देवीच्या साथीत गेलेली. तिनंच पहिली झडप घातली आणि घोंगडी हिसकावली.

"माझी पोर हाय! मरतेय ती, सोडा!"

"तुझी? मग तिला म्हणू दे की बाबा!"

ठकीनं तोंड उघडलं. नुसती घरघर. एवढ्या बाया, एवढा आरडाओरडा, आणि तिला ओढणारा बापाचा हात. घाबरून तिनं मंजुळाच्या गळ्याला मिठी मारली. आता आणखी काय पुरावा हवा होता?

"मी थाप मारली होती!" दौलत किंचाळला. "मोरी वाचवायला! जाईमावशी, सांग ना यांना!"

"सांगते की," कालवा ऐकून आलेली जाईबाई म्हणाली. "ह्यानंच सांगितलं मला, साहेबाला जितं पोर पायजे म्हणून."

होड्यांवरचे गडी धावून आले. त्याला दगडी रुळाला बांधून लाथांनी तुडवलं, दात पाडले. बाया तोंडावर थुंकल्या. आणि कुणाच्याही मनात पाप नव्हतं, हीच तर खरी आग! मजूर सगळे खाणीवर गेलेले, ठकी त्याचीच पोर, हे ठाऊक असलेलं तिथं कुणी नव्हतं.

मंजुळानं पोरीला घरी नेलं. ऊन पेज भरवली, ती नाकातून परत आली. छातीला तेल चोळलं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, पोटाशी धरून डोलत बसली.

हवालदार आला, खाणीवरचे मजूर आले, तेव्हा कुठे उलगडा झाला. दौलतला सोडल्यावर तो भिंती धरत मंजुळाच्या दारात पोचला.

"हळू रे," ती म्हणाली. "आत्ताच निजलीय."

दौलतनं वाकून पोरीच्या नाकाशी बोट धरलं. ते तसंच धरून राहिला, पण बोटाला श्वास लागला नाही.

"त्याचीच मुलगी होती, बाई," हवालदार म्हणाला.

मंजुळानं मांडीवरच्या ठकीला आणखी घट्ट आवळलं.

"बापाची असती," ती म्हणाली, "तर माझ्या गळ्यात का पडली असती?"