खात्रीचं रक्त

रक्त तपासणाऱ्या त्या छोट्या लॅबमध्ये मामांचा शब्द शेवटचा. भाची त्यांच्या हाताखाली होती, पण घरी 'मामा' आणि लॅबमध्ये 'सर' हे नाटक तिला कधी जमलं नाही.

पोटाच्या तपासणीचं नवं किट आलं की मामा आधी स्वतःचं रक्त लावायचे. "दगड पचवतो मी. माझा आकडा चुकला तर किट भंगार." कंपनी पडताळणीसाठी आकडा आधीच ठरलेल्या नमुन्याची एक बाटली द्यायची, तिचा आकडा दरवेळी चोख यायचा. पण मामा म्हणायचे, "कंपनीची बाटली कंपनीचीच बाजू घेणार." या हट्टापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते.

तपासणी तशी सोपी. पोटाच्या अस्तरातून पेप्सिनोजेन एक आणि दोन ही द्रव्यं रक्तात उतरतात. अस्तर झिजू लागलं की पहिलं घटतं, दुसरं फारसं हलत नाही. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर तीनच्या खाली गेलं की डॉक्टर पोटात दुर्बीण घालून कर्करोग तर नाही ना ते बघतात. मामांचं उत्तर वर्षानुवर्षं पाचच्या वर.

यंदा ते पावणेचार आलं. किट परत. पुढचं तीनला टेकलं, तेही परत. दोन्ही तक्रारींवर भाचीनेच सही ठोकली. मामा मात्र खुशीत होते, पोट उतरलं म्हणून पट्ट्याला नवी भोकं पाडून सगळ्यांना दाखवत होते. जेवणही अर्ध्यावर आलं होतं.

आज तिसऱ्या किटवर आकडा आला दोन पूर्णांक एक. मामांचा पारा चढला. ते खोकं बांधायला बसले. जुन्या चांगल्या रक्तालाही हे किट चुकीचा आकडा देतं असं दाखवून कंपनीची बोलती बंद करावी म्हणून भाचीने फ्रीजरमधून मामांच्याच रक्ताची मागच्या वर्षीची नळी काढली आणि त्याच किटवर लावली.

पाच पूर्णांक चार.

किटमध्ये काडीचा दोष नव्हता. त्याच किटवर मागच्या वर्षीचे मामा ठणठणीत होते.

"मामा, टेप नका लावू."

तिने दोन्ही कागद समोर ठेवले. मामांनी चष्मा वर ढकलला. "बघ, म्हणजे किट तर..." त्यांचा हात आपसूक पट्ट्याकडे गेला.

"पहिलं किट परत पाठवून किती दिवस झाले गं?"

"आठ महिने." स्वतःच्या सहीची तिला भीती वाटली.

मामांनी लावलेली टेप हळूहळू सोडवली. मग तपासणीचा फॉर्म ओढला. रुग्णाच्या नावाच्या जागी ते आजवर 'किट' लिहीत आले होते. आज त्यांनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि फॉर्म भाचीकडे सरकवला.

"डॉक्टरांना फोन लाव," ते म्हणाले. "आणि तुझ्या मामीला मी सांगेन."