बिनउत्तराचा प्रश्न

माणूस लपला तरी त्याचं बोलणं लपत नाही. धाकटीला दादा सापडला तो त्याच्या बोलण्यावरूनच.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. अडलेल्याने प्रश्न टाकायचा, जाणत्याने उत्तर द्यायचं. तिथे 'तेलकुपी' असं टोपणनाव घेतलेल्या कुणी लिहिलं होतं, "मशीनला शिव्या घालण्याआधी तिला तेल पाजा, मग ती स्वतःच बोलते." हे वाक्य बाबांचं. जन्मभर आपल्या दुरुस्तीच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना ते हेच ऐकवत आले. तेलकुपी म्हणजे दादाच, धाकटीने ओळखलं.

दादा गेला त्याला वर्षं लोटली. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत बाबा त्याला म्हणाले होते, "तुला सुईचं टोक कुठलं अन् नेढं कुठलं हे तरी कळतं का रे?" पोराने हातातला पाना खाली ठेवला आणि चालू लागला. मध्ये एकदा दुसऱ्या एका ग्रुपमध्ये त्याचा माग लागला होता. धाकटीने वेड्यासारखं सरळ लिहिलं, "दादा, घरी ये." झालं! स्वारी तिथून जी गेली ती गेलीच. म्हणून या खेपेला तिने ठरवलं होतं की नाव घ्यायचं नाही, हाक मारायची नाही, पाखराजवळ जावं तसं दबकत जायचं.

आणि आता बाबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. तेलकुपीचं कळल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता.

"त्याला... विचार."

"काय विचारू, बाबा?"

"माझं मशीन... टाका सोडतंय. का, ते... त्याला विचार."

टाका का सुटतो हे बाबांना ठाऊक नसावं? पाटीपूजनाआधी पाना धरलेला माणूस! मग धाकटीच्या ध्यानात आलं. बापाला उत्तर नको होतं. लेकापुढे अडलेला म्हणून उभं राहायचं होतं. माफी मागायची एवढी एकच रीत त्यांना जमण्यासारखी होती, आणि तीही आता अर्ध्या जिभेने.

ती गणवेशाच्या कारखान्यात कॉलरी लावायची. तिथले कटिंगमास्तर असल्या कट्ट्यांवर दिवसभर वाद घालणारे. तिने त्यांनाच गाठलं.

"मास्तर, पोस्ट टाकायला चांगली वेळ कोणती हो?"

"अगं, बाजार भरला की पाल ठोकावं! सुट्टीच्या संध्याकाळी टाक. सगळे लोळत पडलेले असतात. भलत्या वेळी टाकलीस की गेली गाळात."

"पण मला एकच माणूस हवाय."

"मग? गर्दी काय माणसांवाचून होते?"

पटलं तिला. सुट्टीच्या संध्याकाळी मशीनचा फोटो काढून तिने प्रश्न टाकला आणि फोन घेऊन बाबांच्या खाटेशी बसली. उत्तरांचा पाऊसच पडला. "सुई बदला." "सुई उलटी बसलीय का बघा, ताई." एकाने तर फोटोवर लाल गोल काढून पाठवला. दर वेळी बाबा मान उचलून विचारायचे, "तो?" दर वेळी ती म्हणायची, "नाही, बाबा." थोड्याच वेळात अ‍ॅडमिनने वर 'प्रश्न सुटला' असं लिहून चर्चा बंद केली.

मग तिने तेलकुपीची जुनी उत्तरं एकेक करून वाचली. खासगीत लिहायची सोय त्याने बंदच ठेवली होती, आणि गर्दीत त्याने कधी तोंडच उघडलं नव्हतं. जो प्रश्न पोरका होऊन खाली पडलेला, त्याखालीच तो यायचा. सुरुवात ठरलेली असायची, "तुम्हाला कुणी काही सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगतो." चारचौघांत बोलायचं नाही, एवढं तो घरून शिकून गेला होता.

"मास्तर," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अशी वेळ सांगा, की पोस्टकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही."

"मग टाकतेस कशाला? उशीखाली ठेव की!"

भर दुपारी, सगळं जग कामात बुडालेलं असताना, तिने तोच प्रश्न पुन्हा टाकला. 'हा प्रश्न आधीच सुटलेला आहे' म्हणून अ‍ॅडमिनने तो काढून टाकला. तिने त्याला खासगीत लिहिलं, "साहेब, घरी वडील अंथरुणाला खिळलेत. माझा प्रश्न जरा राहू द्या." याहून जास्त काय सांगणार? भावाचं नाव फुटलं की तो पुन्हा उडणार.

अ‍ॅडमिन मोठ्या मनाचा. त्याने लिहिलं, "ताई, काळजी करू नका, आम्ही आहोत." आणि कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं, "या ताईंच्या घरी आजारपण आहे. त्यांचा कुठलाही प्रश्न पडून राहता कामा नये."

देवाच्या दारी गर्दी असली तरी तो एकेकाचं वेगळं ऐकतो म्हणतात. इथे एकाला हाक मारावी तर सगळं गाव ओ देत धावत यायचं. धाकटीने दोरा तुटतो म्हणून विचारलं, चाक कुरकुरतं म्हणून विचारलं. पहाटे विचारलं, भलत्या दुपारी विचारलं. कुणी ना कुणी टपलेलाच. एका म्हाताऱ्या कारागिराने तर लिहिलं, "पोरी, तुझ्यासाठी मी फोन उशाशीच ठेवतो." अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

एका संध्याकाळी तेलकुपीच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. म्हणजे दादा आत्ता तिथेच होता, तिच्याच पोस्टी वाचत असेल कदाचित. बाबांची मान उचलली गेली.

"आहे?"

"आहे, बाबा."

"मग... विचार."

तिने लिहायला घेतलं. काय लिहावं, की जगातल्या एकाही भल्या माणसाला त्याचं उत्तर येणार नाही? सुचेना. शेवटी तिने नुसतंच लिहिलं, "मशीन टाका सोडतंय."

"ताई, तेच पुन्हा?" लगेच उत्तर आलं. "घाबरू नका. सुई काढा. आता मी सांगतो तसं करा." मागोमाग दुसरं आलं, मग तिसरं.

"तो?" बाबा म्हणाले.

"नाही, बाबा. दुसरेच आहेत. चांगली माणसं आहेत."

बाबा डावा हात कसाबसा हलवत म्हणाले, "आभार... मान त्यांचे."

धाकटीने एकेकाचे आभार मानायला घेतले.