पाठमोरी चालणारी बाई आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. अंग पत्र्याचे, एक तोंड अरुंद आणि दुसरे ऐसपैस. अरुंद तोंडाला ओठ लावून बोलले की आवाज रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मला तार नाही, बटण नाही. पुष्कळ जण मला पाहून नरसाळे समजतात. तुम्हीही तसेच समजला असाल तर मी रागावणार नाही, पण पुन्हा समजू नका.

माझा जन्म गोदीजवळच्या एका बोळात झाला. तेथे तेलाचे रिकामे डबे कापून कंदील, झाऱ्या आणि बादल्या करणारा एक कारागीर बसत असे. त्याने एक डबा उभा चिरला, पत्रा ठोकून सपाट केला, गुंडाळला, सांध्याला डाग दिला आणि ओठ कापू नये म्हणून कडा बाहेर दुमडली. माझ्या पोटात अजूनही त्या डब्यावरचा अर्धा कोंबडा दिसतो, शेपटीकडचा. पुढचा अर्धा कोणाच्या बादलीवर गेला, देव जाणे.

मला विकत घेतले ते गोदीतल्या मुकादमाने. जहाजावर पोती चढवणारे हमाल त्याच्या हाताखाली काम करत. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. मी आल्यावर तो नुसता बोलला तरी डेकवरच्या माणसाला ऐकू जाई. "हळू! डावीकडं घ्या! पाय सांभाळा!" दिवसभर माझ्यातून हेच शब्द जात. कर्णा आल्यापासून कोणाचा पाय पोत्याखाली चेंगरला नाही, असे हमाल म्हणत, तेव्हा माझा पत्रा दोन इंच फुगे. घरी मात्र मान नव्हता. मुकादमाची बायको खुशाल माझ्यातून दिव्यात तेल ओती. मुकादम कुरकुरला की म्हणे, "रिकामाच बसलाय ना? मग होऊ दे की उपयोग." नरसाळ्याचा माझा राग तेव्हापासूनचा आहे.

पुढे तो वाईट हंगाम आला. शहरात कोणाच्या घरात दाणा नव्हता आणि गोदीत धान्याची पोती परदेशी जहाजांवर चढत होती. एके दिवशी हमालांनी पोती खाली ठेवली आणि ते जकात गोदामासमोरच्या चौकात जमले. त्यांच्या बायका आल्या, म्हातारे आले. मग सैनिक आले. चेंगराचेंगरी होईल म्हणून मुकादम एका खोक्यावर चढला आणि माझ्यातून ओरडला, "खाली बसा! सगळे खाली बसा! बसलेल्यावर कुणी हात उचलत नाही!" सगळे बसले. गोदामाच्या भिंतीला पाठ टेकून, मांडीवर पोरे घेऊन बसले.

सैनिकांनी बसलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या.

दुसऱ्या दिवसापासून सारे शहर पेटले आणि काही महिन्यांत जुनी राजवट गाशा गुंडाळून निघून गेली. त्याला तुम्ही पुस्तकात क्रांती म्हणता. मुकादम वाचला, कारण तो एकटाच खोक्यावर उभा होता आणि नेम खाली धरलेला होता. त्यानंतर त्याने मला कधी तोंडाला लावले नाही. तो पुन्हा जमिनीवर बसलाही नाही. जेवायचा तेसुद्धा स्वयंपाकघराच्या फळीपाशी उभा राहून. बायको म्हणे, "अहो, टेका की जरा." तो टेकत नसे. मी माळ्यावर गेलो आणि माझ्यात कोळ्यांनी संसार थाटले. तो गेला, ती गेली, तरी मला कोणी खाली काढले नाही.

मला खाली काढले ते मुकादमाच्या नातीने. ती गाइड होती. रविवारी सकाळी पाहुण्यांना घेऊन शहरातून पायी फेरी काढी आणि क्रांती कोठे कोठे घडली ते दाखवी. गोदीचा दरवाजा, मग पत्रके छापली ते छापखान्याचे तळघर, आणि शेवटी जकात गोदामाची भिंत. आधी तिच्याकडे बॅटरीवर चालणारा भोंगा होता. ती ऐन रंगात आली की तो घरघरून गप्प होई. कंटाळून तिने मला माळ्यावरून काढले, घासले, चामड्याचा पट्टा लावला. इतक्या वर्षांनी माझ्यातून माणसाचा श्वास गेला. मित्रांनो, त्या दिवशी मला फार बरे वाटले.

ती फेरीत पाठमोरी चाले, म्हणजे तोंड लोकांकडे आणि पाठ रस्त्याकडे. गाइडला लोकांकडे पाठ करून चालत नाही. कोण मागे पडले, कोण कंटाळले, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, हे दिसावे लागते. बोलून झाले की ती मला पाठीवर टाकी, आणि माझे मोठे तोंड पुढच्या रस्त्याकडे होई. म्हणजे लोकांचे चेहरे तिने पाहायचे आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ते मी. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिच्या टाचांना पाठ होता. कोपऱ्यावरचा औषधवाला तिला पाहून दर वेळी ओरडे, "आली बघा उलट्या पावलांची!" ती म्हणे, "दिवसाउजेडी येते हो, घाबरू नका."

भिंतीपाशी मात्र ती थट्टा करत नसे. तेथे गोळ्यांच्या खुणा आहेत. उभे राहून पाहिले तर त्या फार खाली वाटतात, कोणाच्या कमरेलाही लागत नाहीत. ती पाहुण्यांना म्हणे, "जरा भिंतीला पाठ लावून बसा." लोक हसत, कपडे सावरत बसत. मग ती माझ्यातून हळूच म्हणे, "आता हात मागे न्या." लोक पाठीमागे भिंत चाचपत आणि त्यांची बोटे भोकात जात. बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये. मग कोणी हसत नसे. फेरी तेथेच संपे.

काही वर्षे अशी गेली. मग एका रविवारी छापखान्याच्या तळघराला कुलूप दिसले. 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी होती, पण गवंडी कधी आला नाही. चौकाच्या नावाची पाटी बदलली. आणि फेरीत एक छत्रीवाला गृहस्थ येऊ लागला. आभाळात ढग नसला तरी त्याच्या हातात छत्री असे. तो प्रश्न विचारत नसे, फोटो काढत नसे. गाइडबाईंच्या विनोदाला सगळ्यांबरोबर हसे आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन त्याच विनोदाला तितकेच हसे.

गाइडबाईंचा मोठा भाऊ नगरपालिकेत होता. एका संध्याकाळी तो घरी आला तो चप्पल न काढताच आत आला. मी खुंटीवर होतो, त्यामुळे सारे ऐकले.

"आता सगळ्या गाइडना एकच मजकूर," तो म्हणाला. "भिंतीपाशी चार ओळी आहेत. जमाव सैनिकांवर चालून गेला, म्हणून गोळीबार करावा लागला. म्हणायचं आणि पुढं चालायला लागायचं."

"भिंतीला पाठ लावून चालून गेले होय रे दादा?"

"अगं, भिंतीचं कुणाला पडलंय! परवा गोदीत हमाल पुन्हा बसले. लोकांना बसायची आठवण नको, एवढंच आहे ते." मग घरात तिसरे कोणी नसताना त्याने आवाज खाली आणला. "तळघर दाखवायचा तो म्हातारा आठवतो? त्याच्या घराला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, गावाला गेला."

"त्याला कुठलं गाव? तो तर इथलाच."

"तेच म्हणतोय मी."

ती हसून म्हणाली, "मला आपलं जुनं पाठ आहे बाबा. नवीन पाठ करायचं वय गेलं माझं." दादा न जेवता गेला. तिने मला खुंटीवरून काढून उगाचच पुसले. तिचा हात गार पडला होता. घाबरली होती ती, मित्रांनो. शूर माणसे घाबरत नाहीत असे तुम्हांला कोणी सांगितले असेल, तर ते खरे नाही.

त्या रविवारी फेरीला नेहमीपेक्षा जास्त माणसे होती. त्यांतल्या काहींचे बूट अगदी सारखे होते. आम्ही निघालो. ती लोकांचे चेहरे पाहत होती आणि मी तिच्या पाठीवरून पुढचा रस्ता पाहत होतो. भर सकाळी दुकाने अर्धी ओढलेली. औषधवाल्याने आम्हांला पाहिले आणि काही न बोलता शटर खाली घेतले. तिने आवाज ऐकला. "काय हो, आज चेष्टा नाही?" ती म्हणाली.

आम्ही शेवटच्या कोपऱ्यावर वळलो आणि मला भिंत दिसली. भिंत पांढरीशुभ्र होती. तिच्यावर नवा गिलावा होता, इतका ताजा की अजून पाणी गळत होते. चौकाच्या टोकाला एक बंद गाडी उभी होती, इंजिन चालू ठेवून. मला ओरडावेसे वाटले. मागे फीर, पळ, असे सांगावेसे वाटले. एवढे मोठे तोंड असून मला शब्द काढता येईना, कारण श्वास नेहमी दुसऱ्याचा लागतो. ती बापडी पाठमोरी चालतच होती.

तिला ते कळले लोकांच्या चेहऱ्यांवरून. ती थांबली आणि वळली. फेरीत तिने लोकांकडे पाठ केली ती पहिल्यांदाच.

छत्रीवाला पुढे आला. "बाई, गिलावा ओला आहे," तो अगदी मायेने म्हणाला. "आज नका कुणाला टेकवू. चार ओळी म्हणा आणि घरी जा."

ती भिंतीकडे पाहत राहिली. मग तिने मला पाठीवरून काढले आणि तोंडाला लावले.

"गिलावा ओला आहे," ती म्हणाली. "कपडे खराब होतील. तरीही ज्यांना बसायचंय त्यांनी बसा."

कोणी हलेना. मग एक निवृत्त नर्सबाई कण्हत खाली टेकल्या. "माझे गुडघे गेलेत," त्या म्हणाल्या. "उठवायला दोघं लागतील हं." त्यांच्या शेजारी एक जोडपे बसले. मग आणखी कोणी. सारख्या बुटांची माणसे सोडून सगळे बसले.

"आता हात मागे न्या."

भिंत लिंपणाऱ्यांनी घाई केली होती. भोके नीट भरलीच नव्हती, वरून नुसता हात फिरवला होता. लोकांची बोटे ओल्या गिलाव्यावर फिरली आणि जेथे भोक होते तेथे आत गेली. लोकांनी गिलाव्याने माखलेली बोटे पुढे आणून पाहिली. नर्सबाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, इथंच आहेत की सगळी!" त्या पांढऱ्या भिंतीवर पुन्हा खुणांची रांग उमटली होती, बसलेल्या माणसांच्या पाठीशी.

"उठू नका आता कुणी," छत्रीवाला म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "बसल्या माणसांना मोजायला सोपं जातं."

गाडीचे दार उघडले. त्याने मला तिच्या हातातून काढून घेतले. तिला गाडीकडे नेताना तिने लोकांकडे पाठ केली नाही. दोन्ही दंड धरलेले असतानाही ती पाठमोरीच चालत गेली. मी छत्रीवाल्याच्या हातात असल्यामुळे फेरीत चालताना तिचा चेहरा मला त्या दिवशी प्रथमच दिसला. ती एकेकाकडे बघत होती. कोण मागे राहिले, ते बघत होती.

बाकीची माणसे हळूहळू घरी परतली, असे ऐकतो. भिंतीवर दुसरा हात फिरला आणि तो चांगला वाळला. ती परतली नाही. तिचा दादा एकदा इथे आला होता. माझ्यासमोर उभा राहिला आणि कोणी यायच्या आत निघून गेला.

इथे म्हणजे संग्रहालयात. आता मी काचेच्या कपाटात असतो. मला छान चकाकी दिली आहे, कोळी जवळ येत नाहीत, वर दिवाही आहे. खाली कार्ड आहे: 'जमावाला सैनिकांवर चालून जाण्यासाठी चिथावताना वापरलेला कर्णा.' शाळांच्या सहली येतात, मुले ते कार्ड वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या दालनात जातात. परीक्षेत तेच येते म्हणे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हांला सगळेच सांगतात. मला ते सांगायचे नाही. माझी निगा उत्तम राखली जाते आणि तिचा मला वीट आला आहे. तुम्ही याल तेव्हा कार्ड उतरवून घेऊ नका. एवढेच विचारा की, हा कर्णा ज्या बाईंच्या हातात होता त्या कुठे आहेत? मोठ्याने विचारा, कारण माझ्यात आता श्वास नाही. उत्तर मिळणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही विचारा. आणि एकट्याने विचारू नका.