आजी गोड बोलायला लागली

माझ्या आजीला घरात सगळे तोफ म्हणतात. जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होती, त्यामुळे तिला हळू बोलता येत नाही, आणि गोड तर त्याहून नाही. तर ही तोफ सोमवारी सकाळी माझ्या आईला म्हणाली, "चहा छान केलात हं तुम्ही."

आईला. अहोजाहो.

आई चक्क लाजली. काकू पुटपुटली, "पावला गं बाई देव." बाबा पेपरामागे हसले. मला मात्र धस्स झालं, कारण आजीने अर्धीच वेणी घातली होती आणि मलाच विचारत होती, "बाळ, तुझे आईवडील कुठे असतात?"

"बाबा, हिला काहीतरी झालंय."

"वय झालंय. तू शाळेत जा."

मी दप्तर दारात आडवं टाकलं आणि त्यावर बसकण मारली. बाबांना ऑफिसला जायला वाटच उरली नाही, तेव्हा कुठे आजीला दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी आजीकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळं बाबांना विचारलं. "वय?"

"ब्याऐंशी."

"ताप, खोकला?"

"नाही."

"मग स्मृतिभ्रंशाची सुरुवात. या वयात चालायचंच. बघा ना, किती शांत आहेत."

माझं डोकंच फिरलं. "परवा हिने मला शब्दकोड्यात हरवलंय. स्मृतिभ्रंश काय काल कुरियरने आला?"

"बाळा, मोठ्यांना बोलू दे."

"मोठे बोलतच नाहीयेत ना."

बाबांनी दंडाला चिमटा काढला. तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "काय भांडण चाललंय?" आणि पांढऱ्या केसांच्या मोठ्या डॉक्टरबाई आत आल्या. त्या आधी आजीशेजारी बसल्या.

"आजी, आठवड्याचे वार उलटे म्हणा बरं."

"रविवार," आजी म्हणाली. "शनिवार..." आणि तिथेच थांबली. नुसती हसत राहिली.

बाईंनी घड्याळाकडे बघत तिचे श्वास मोजले, बोटाला चिमटीसारखं यंत्र लावलं, पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला. मग तरुण डॉक्टरांना म्हणाल्या, "उजवीकडे, खाली. ऐका." त्यांनी ऐकलं. कान लाल झाले त्यांचे.

"न्यूमोनिया आहे," बाई आम्हाला म्हणाल्या. "म्हातारपणी कधीकधी ना ताप येत, ना खोकला. डोकंच आधी गोंधळतं. माणूस एका दिवसात बदलला, तर ते वय नसतं, आजार असतो. अजून थांबला असतात तर..." बाबांनी भिंतीला हात टेकला.

ऑक्सिजन लागला, सलाइनमधून औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी ओरडायला लागली. मास्क ओढून काढला, नर्सचा हात झटकला. तरुण डॉक्टर धावत आले. "फार आरडाओरडा करतायत. झोपेचं इंजेक्शन देऊ या, शांत होतील."

मी तोंड उघडलं, पण बाबा आधी उठले. डॉक्टरांपुढे आजवर 'बरं' याखेरीज शब्द न काढलेला माणूस.

"शांत होती तेव्हा मरत होती ती," बाबा म्हणाले. "मोठ्या बाईंना बोलवा. तोवर कुणी काही टोचायचं नाही. मी बसतो जवळ."

त्यांनी मास्क तिच्या नाकावर धरला. आजीने त्यांचा हात झटकला. पुन्हा धरला, पुन्हा झटकला. मग राहू दिला. तोंड मात्र चालूच होतं, अगदी तोफेसारखं.