आठ अक्षरांचं शीर्षक

फोन आला तेव्हा मास्तर गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण कुणी काही विचारलं की पार मुळापासून सांगायची खोड, म्हणून ऑफिसात हे नाव पडलेलं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ते टिकून होतं.

"मास्तर, आपल्या प्रोग्रॅममध्ये एक भोक सापडलंय," विभागप्रमुख बाई म्हणाली. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. "जुन्या फायली उघडणारा भाग. तुम्ही लिहिलेला."

"म्हणजे चूक माझीच असणार," मास्तर म्हणाले.

छापखान्यांसाठी मजकूर जुळवायचा तो प्रोग्रॅम पस्तीस वर्षांपूर्वीचा. शीर्षक किती लांब आहे, याचा आकडा फाइलीच्या सुरुवातीला असे. प्रोग्रॅम त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवी आणि तेवढीच जागा राखी. आकडा आठ आणि शीर्षक पानभर असलं, की उरलेली अक्षरं शेजारच्या जागेत सांडत, जिथे प्रोग्रॅमचं स्वतःचं काम चाललेलं असे. आता कुणीतरी मुद्दाम तशी फाइल बनवून पाठवली होती. ती उघडणाऱ्याचा संगणक परक्याच्या ताब्यात जात होता.

त्या काळी फायली माणसांच्या हातून येत. छापखानेवाला फ्लॉपी रुमालात गुंडाळून आणी, खुर्चीत टेकून दोन गोष्टी बोले. फाइलीवर संशय घ्यायचा म्हणजे त्याच्यावरच घेतल्यासारखं.

"सोपा उपाय आहे," बाई म्हणाली. "जुना प्रकारच बंद करतो. त्या फायली यापुढे उघडणारच नाहीत. तुमच्या कानावर घालावं म्हटलं."

कुंडीतलं पाणी ओसंडून मास्तरांच्या पायावर आलं.

"थांब जरा. उद्या येतो मी."

"गुरुवारी चारला नवी आवृत्ती सोडायचीय. तोवर जमलं तर बघा."

मास्तरांकडे त्या प्रकारातली एकच फाइल उरली होती. ती त्यांच्या बायकोची. ती त्याच ऑफिसात दोन नंबरच्या टेबलावर बसे. प्रोग्रॅम तपासून त्यातल्या चुका शोधणं हे तिचं काम. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. एका दुपारी ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "अहो, तुमचा प्रोग्रॅम पाडला मी. शीर्षक आठ अक्षरांचं सांगितलं आणि पानभर लिहिलं."

"अशी फाइल कोण कशाला बनवेल?"

"मी बनवली की."

सगळी खोली हसली. मास्तरांना ते झोंबलं. बघू सवडीने, म्हणाले. संध्याकाळी निघताना तिने ते पान नव्याने लिहून फ्लॉपी त्यांच्या खणात टाकली. "दुरुस्त कराल तेव्हा वाचायला मिळेल." पुन्हा तिने विषय काढला नाही आणि यांनीही नाही; कारण दुरुस्त करायचं म्हणजे चारचौघांत तिचं खरं म्हणायचं. पुढे ते विसरूनच गेले.

सहा वर्षांपूर्वी ती गेली, आणि तेव्हापासून ती फाइल आठवायला लागली. भाच्याने ती नव्या डिस्कवर उतरवून दिली. पण उघडली की पडदा गोठायचा. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये नुसते ओरखडे दिसत. ती अक्षरं याच प्रोग्रॅमला ओळखू येत.

दुसऱ्या दिवशी मास्तर ऑफिसात बसले. दोन नंबरच्या टेबलावर आता पाण्याचे जार होते. स्वतःचंच जुनं लिखाण वाचताना त्यांना घाम फुटला. आपल्याला हे जमायचं नाही, उगाच पोरीला थांबवलं, असं दिवसातून दहादा वाटलं. उपाय तसा साधा होता: फाइलीच्या शब्दावर जायचं नाही, स्वतः मोजायचं, मग जागा द्यायची. पानापेक्षा जास्त असेल तर दार बंद. बुधवारी संध्याकाळी त्यांनी बाहेरून आलेली ती दुष्ट फाइल उघडली. प्रोग्रॅम पुन्हा कोसळला.

"मास्तर, राहू द्या आता," बाई हळूच म्हणाली.

गुरुवारी सकाळी बसमध्ये त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी अक्षरं मोजली होती, आणि त्यांच्याच जुन्या पद्धतीत जोडाक्षराला दोन जागा लागत; म्हणून राखलेली जागा पुन्हा कमी पडली. ही युक्ती काढल्याचा तेव्हा केवढा गर्व होता.

दोनला दुष्ट फाइल उघडली. पडद्यावर अर्थहीन अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आली. बाईने ती चारदा तपासली. मग मास्तरांनी खिशातून आपली डिस्क काढली.

"ही पण बघू."

फाइल उघडली.

"अहो, हे वाचता येत असेल तर शेवटी ऐकलंत म्हणायचं. किती दिवस लागले ते सांगू नका. आता पान भरायचंय म्हणून समोर दिसेल ते लिहिते. छापखान्याचे काका फ्लॉपी मांडीवर ठेवून झोपलेत. तुमच्या सदऱ्याचं दुसरं बटण तुटलंय. तुम्ही पडद्याकडे बघत ओठ हलवताय, आणि तुम्हाला वाटतंय कुणाला दिसत नाही. मघाशी सगळे हसले, मी नाही हसले. बघितलं का तुम्ही? पान भरलं. चला आता घरी."

बाई तोंड फिरवून पाण्याच्या जारांकडे बघत राहिली. मास्तरांनी ओठ हलवत ते पुन्हा वाचलं.

नव्या आवृत्तीसोबत एक टिपण जातं. त्यात 'दोष कोणी दाखवला' अशी ओळ असते. बाईने तिथे हे भोक कळवणाऱ्या बाहेरच्या तपासणाऱ्याचं नाव आधीच घातलं होतं. मास्तरांनी चष्मा पुसला, त्या नावाच्या वर जागा केली आणि एकेक कळ शोधत लिहिलं: 'टेबल क्रमांक दोन, पस्तीस वर्षांपूर्वी. लेखकाने तेव्हा ऐकलं नाही.'

"हे असंच जाऊ दे?" बाईने विचारलं.

"असंच."

चारला आवृत्ती सुटली.