बोर्डोच्या ड्रमातला भुसा

मी दोनशे लिटरचा निळा ड्रम बोलतोय. बोलतोय कसला, कण्हतोय. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत माझी बारा वर्षं गेली. मोरचूद आणि चुना कालवून माझ्यात बोर्डो करायचे, वेलीवरची बुरशी मारायला. पाऊस लांबला की दिवसातून तीनदा भरायचे, काठीने ढवळायचे. जीव नकोसा व्हायचा.

यंदा बागेच्या मालकाने, अमोलने, नवी टाकी आणली आणि त्याच्या बायकोने, उज्वलाने, मला ओढून नेलं. तीनदा साबणाने घासलं. वाटलं, आता धान्य भरतील, निवांत पडून राहू. कसलं काय! तिला अळंबी पिकवायची होती. माझ्यात गव्हाचा भुसा भिजवून, बियाण्यासोबत पिशव्यांत भरून तिने मागच्या खोलीत टांगला.

खोली दसऱ्यापर्यंतच मिळाली होती. पुढे तिथे छाटणीचे मजूर राहणार. सासूने, चतुराबाईंनी, आधीच ठणकावलं होतं, "तवर उगवलं तर ठीक, नायतर पिशव्या उकिरड्यावर."

पहिली खेप वाया गेली. दुसऱ्या खेपेलाही भुसा तसाच काळपट. उज्वला खोलीतून यायची आणि माझ्या काठाला टेकून उभी राहायची. "माझंच काय चुकतंय?" म्हणायची. तुझं नाही गं बाई, माझं! पण सांगू कसं? फार लाज वाटायची.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना एकच पिशवी पांढरीशुभ्र झाली. तिच्यातला भुसा माझ्यात मावला नव्हता, म्हणून आंघोळीच्या पातेल्यात भिजवलेला. ते आठवल्यावर चतुराबाई तडक माझ्याकडे आल्या. खुरप्याने बूड खरवडलं. मोरचुदाचे निळे पापुद्रे निघाले.

"अगं, बुरशी मारायचं औषध ह्याच्यात जल्मभर कालवलं, अन् तू ह्याच्यातच अळंबीची बुरशी रुजवाया निघाली?"

उज्वलाने विचारलं, "आता आठ दिवसांत काय होणार, आत्याबाई?"

चतुराबाईंनी त्या एका पांढऱ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "मजूर माझ्या खोलीत राहतील. मी पडवीत निजंन. लग्नातलं मोठं पातेलं काढ."

दिवाळीनंतर खोलीभर अळंबी लागली. मला दाराशी पालथा घातलाय. चतुराबाई माझ्यावर बसून अळंबी निवडतात. कुणी म्हणालं, ड्रम पाण्याला घेऊ, की त्या ओरडतात, "त्याला हात लावू नका, लय राबलाय तो."

खरंच, नका लावू. बारा वर्षांत पहिल्यांदाच माझं पोट रिकामं आहे.