निम्मं रोशा

पाय मुरगळला, मनगट लचकलं, की सावदा-फैजपूरकडे आधी खाजाभाईंच्या रोशाच्या तेलाची बाटली निघायची, मग डॉक्टरचं नाव. सातपुड्यातलं रोशा गवत उकळून तेल काढणारं शिरपुरातलं आपलं शेवटचं घर, असं खाजाभाई सांगायचे आणि सांगताना छाती जरा फुगवायचे. फुगवोत बापडे. पण एक गोष्ट ते सांगत नसत. गवत मिळेनासं झालं होतं, आणि तीन वर्षांपासून त्यांच्या बाटलीत निम्मं रोशा आणि निम्मं बाजारातलं गंधपुऱ्याचं तेल जात होतं. गंधपुरा कातडीवर चांगला चरचरतो. चरचरलं की गिऱ्हाईक खूश, तेल कडक आहे म्हणून. ते तेल विकणाऱ्या दुकानदाराने बजावलं होतं, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याला हे चोळू देऊ नका, आतल्या आत रक्त सुटतं. खाजाभाई हसले होते. गोळ्या विचारत बसलं तर तेल विकायचं कधी?

त्या दिवशी फेरी करत ते सावद्याला जीवरामकडे पोचले. महिन्यापूर्वी केळीच्या बागेत जीवरामचा पाय घसरून घोटा सुजला होता, तेव्हा खाजाभाईंनीच दोन बाटल्या दिल्या होत्या. जीवरामच्या बायकोने, लताबाईंनी, त्यांना दारातच गाठलं.

"भाऊ, तुमचं तेल लागू पडलं बरं! बठ्ठं खराब रक्त वर येऊ राह्यलं."

जीवराम ओसरीत खाटेवर झोपला होता. लताबाईंनी कौतुकाने पायजमा वर सरकवला. घोट्याची सूज उतरली होती खरी, पण पोटरीपासून मांडीपर्यंत पाय जास्त पिकलेल्या केळ्यासारखा काळानिळा पडला होता. मुरगळलेल्या घोट्याभोवती निळं पडतं, ते खाजाभाईंनी शेकडो वेळा पाहिलं होतं. मांडीवर कधी पाहिलं नव्हतं. आणि दंडावरही तसलेच डाग होते, जिथे तेलाचा थेंबही लागला नव्हता.

"हे दंडावर काय झालं?"

"तेबी निघू राह्यलं. सकायी हिरड्यातून आलं. मी म्हटलं, निघू द्या एकदाचं."

खाजाभाई खाटेशी वाकले. "भाऊ कसली गोळी घेतात का, वहिनी?"

"नाशिकले हृदयाची झडप बदलली ना, तव्हापासून घेतात. रक्त पातय करायची."

"उठवा त्यांना."

"झोपू द्या ना. सकायपासून डोकं ठणकत होतं, आत्ता कुठे डोया लागला."

खाजाभाईंनी स्वतःच खांदा हलवला. एकदा, दोनदा. जीवरामची एक पापणी अर्धी उघडली, ओठ वाकडे हलले, शब्द काही आला नाही. लताबाईंचं हसू तिथंच थांबलं.

मुलगा नीलेश धावत आला. त्याने गाडीवाल्याला बोलावलं आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. खाजाभाईंची नजर दाराकडे गेली. पिशवी खांद्याला होतीच, शिरपूरची बस वीस मिनिटांत होती. माणूस किती नीच होऊ शकतो, हे त्यांना त्या घडीला कळलं.

"नवीन काही औषध सुरू केलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही," लताबाई म्हणाल्या. "पायाले फक्त रोशाचं तेल. जंगलातलं गवत ते, त्याचं काय! खाजाभाऊ कशात काही मियवत नाहीत."

"ठीक आहे. मग पडले होते का? डोक्याला मार?"

प्रश्न पुढे सरकला होता. तिथंच राहू दिला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. खाजाभाई फोनशी वाकले.

"डॉक्टरसाहेब, त्या तेलात निम्मा गंधपुरा शे. मी मिसळेल शे."

 पलीकडचा आवाज एकदम चढला. तेल ताबडतोब पुसा, एक मिनिट थांबू नका, जळगावला न्या, मी तिथल्या डॉक्टरांना कळवतो, डोक्यात रक्त उतरलं असावं.

नीलेशने खाजाभाईंच्या गळपट्टीला हात घातला आणि गाडीचा हॉर्न ऐकून सोडला. दोघांनी मिळून जीवरामला उचललं. तो ओल्या पोत्यासारखा जड लागला.

लताबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. आपले दोन्ही तळवे उघडून त्या बघत होत्या.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "दोन्ही टाइम तर मीच चोयलं ना?"